‘सारखी’ म्हणजे नक्की कशी सारखी?

प्रश्न एका फोटोवरून आला आहे. विचारणाऱ्या ताईंची धाकटी बहीण टोरांटोत राहते. तिच्या नवऱ्याला मराठी येत नाही, म्हणून घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सगळे इंग्रजीतच लिहितात. चार वर्षांच्या भाचीचा फोटो आला आणि ताईंनी तीन वाक्यं पाठवली. ‘शी इज सेम लाइक यू.’ ‘हर फेस इज रिझेम्बलिंग टु आवर मदर.’ ‘शी इज मोअर हेल्दी अँड फेअर दॅन हर कझिन.’ तिसरं वाक्य वाचून मेहुण्यांनी काळजीने विचारलं, की दुसरी मुलगी आजारी आहे का? ताईंना फार अवघडल्यासारखं झालं. त्यांची आई गेल्या वर्षी गेली, आणि नातीत आई दिसली म्हणूनच त्यांनी लिहायला घेतलं होतं. त्या विचारतात, ‘लुक लाइक, रिझेम्बल, टेक आफ्टर, सिमिलर, अलाइक, सेम. शब्दकोशात सगळ्यांपुढे सारखा असणे एवढंच लिहिलंय. मग कुठे कोणता घ्यायचा?’

ताई, आधी आपल्या ‘सारखा’ या शब्दाकडेच बघू या. ‘दोन सारखे वाटे कर’ म्हणताना तो समान असतो. ‘पदर सारखा कर’ म्हणताना तो नीट असतो. ‘ती सारखी रडते’ म्हणजे ती सतत रडते. ‘सांगण्यासारखं काही नाही’ म्हणजे सांगण्याजोगं काही नाही. शिवाय ‘थकल्यासारखी दिसते’ आणि ‘आईसारखी दिसते’ यांतले दोन ‘सारखी’सुद्धा एक नव्हेत, कारण पहिलीत अवस्था आहे आणि दुसरीत तुलना. इतकी कामं करणारा एकच शब्द आपण लहानपणापासून बिनधोक वापरतो, कारण मराठी ऐकणारा संदर्भावरून अर्थ लावून घेतो. इंग्रजीने हीच कामं वेगवेगळ्या शब्दांना वाटून दिली आहेत. म्हणून ‘सारखी’ला इंग्रजीत काय म्हणतात, हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. त्याऐवजी स्वतःला विचारा, की मला दिसलेला सारखेपणा कुठे आहे? रक्तात, डोळ्यांना दिसणाऱ्या रूपात, की माझ्या आठवणीत? मी 26 वर्षं मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवते आणि कागदपत्रांची भाषांतरं करते. या एका प्रश्नाने निम्म्याहून अधिक गुंते सुटतात, असा माझा अनुभव आहे.

रक्तातल्या सारखेपणापासून सुरुवात करते, कारण तिथे मराठी आपल्याला फार चांगली साथ देते. बाळ बघायला आलेली बायकामंडळी ‘कुणावर गेलाय गं?’ असं विचारतात ना, त्या ‘वर जाणे’चा इंग्रजीतला जोडीदार म्हणजे ‘टेक आफ्टर’. हे दोन वाक्प्रचार कमालीचे जुळतात. दोन्हींत दिशा आहे. मूल आईवर जातं, आई मुलावर जात नाही. इंग्रजीतही ‘द मदर टेक्स आफ्टर हर डॉटर’ असं कुणी म्हणत नाही. दोन्हींना रक्ताचं आणि वयाने वडील असलेलं माणूस लागतं, मग ते आई-वडील असोत, आजी-आजोबा, आत्या, मामा कुणीही असो. सुनेचा चेहरा सासूसारखा असला तरी ती सासूवर गेली असं आपण म्हणणार नाही, आणि तिथे ‘टेक आफ्टर’ही बसणार नाही. दोघी बहिणी एकमेकींवर जात नाहीत. दोघी आईवर जातात. आणखी एक जुळणारी गोष्ट म्हणजे दोन्ही वाक्प्रचारांत रूप आणि स्वभाव दोन्ही येतात. ‘बापावर गेलाय’ हे नाकाबद्दलही असेल आणि रागाबद्दलही. त्यामुळे फक्त चेहऱ्याबद्दलच बोलायचं असेल तर ‘इन लुक्स’ जोडावं लागतं: ‘शी टेक्स आफ्टर हर ग्रँडमदर इन लुक्स.’ अमेरिकेच्या दक्षिण भागात याच अर्थाने ‘शी फेव्हर्स हर ग्रँडमदर’ असं म्हणणारी माणसं भेटतात. ते ऐकून आजी लाडकी आहे असा अर्थ काढू नका. आपण मात्र तो वापरण्याच्या भानगडीत पडायचं कारण नाही.

इथे वर्गात मी नेहमी एक छायाचित्र दाखवते. 1913 साली बर्लिनमध्ये जर्मन सम्राटाच्या मुलीच्या लग्नाला इंग्लंडचा राजा पाचवा जॉर्ज आणि रशियाचा झार दुसरा निकोलस असे दोघेही आले होते. शेजारी शेजारी उभे असलेल्या या दोघांतला राजा कोणता आणि झार कोणता, हे दाढी, मिशा, डोळे बघूनही पटकन सांगता येत नाही. 1893 मध्ये जॉर्जच्या स्वतःच्या लग्नात तर आलेल्या पाहुण्यांनी निकोलसलाच नवरदेव समजून शुभेच्छा दिल्या होत्या. इंग्रजी पुस्तकं त्यांना ‘कझिन्स’ म्हणतात आणि पुढे जातात. मराठीत मात्र नातं सांगितल्याबरोबर सारखेपणाचं कारण कळतं: ते मावसभाऊ. जॉर्जची आई अलेक्झांड्रा आणि निकोलसची आई डॅगमार या डेन्मार्कच्या राजाच्या मुली, सख्ख्या बहिणी. आता या जोडीवर शब्द लावून बघा. ‘जॉर्ज टुक आफ्टर निकोलस’ चूक, कारण दोघे एका पिढीचे. ‘जॉर्ज अँड निकोलस लुक्ड अलाइक’ बरोबर. ‘जॉर्ज लुक्ड लाइक निकोलस’ बरोबर. ‘जॉर्ज बोअर अ स्ट्रायकिंग रिझेम्ब्लन्स टु निकोलस’ हेही बरोबर, जरा पुस्तकी. आणि दोघेही आपापल्या आईच्या वळणावर गेले असं तुमचं म्हणणं असेल, तरच ‘दे बोथ टुक आफ्टर देअर मदर्स’. एकाच छायाचित्राबद्दल चार बरोबर वाक्यं झाली, आणि प्रत्येकाचा ढंग निराळा आहे.

आता ‘लुक लाइक’ आणि ‘रिझेम्बल’. या दोघांत अर्थाचा फरक फारच थोडा आहे. खरा फरक आहे तो कुठे बसून बोलताय याचा. आपल्याकडे ‘सारखा’ हा शब्द प्राकृतातून घासत घासत आला. त्याचं मूळ संस्कृत ‘सदृक्ष’, आणि ज्ञानेश्वरीत तो ‘सारिखा’ असा भेटतो. ‘सदृश’ आपण संस्कृतातून जसाच्या तसा उचलला. ‘हुबेहूब’ फारसीतून आला. तिन्हींचा अर्थ जवळजवळ एकच, पण ‘बाळ मातृसदृश आहे’ असं बारशाला म्हटलं तर सगळे वळून बघतील. इंग्रजीचंही तसंच झालं आहे. ‘लाइक’ आणि ‘अलाइक’ हे तिच्या मूळच्या घरातले शब्द. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर फ्रेंच ही दरबाराची भाषा झाली, आणि तिच्यातून आलेल्या शब्दांना कागदाचा, कचेरीचा, ग्रंथाचा वास राहिला. ‘रिझेम्बल’ हा त्या घराण्यातला आहे. म्हणून बहिणीला, मैत्रिणीला, शेजारणीला लिहिताना ‘लुक्स लाइक’. चरित्र, बातमी, वैद्यकीय नोंद, न्यायालयीन कागद यांत ‘रिझेम्बल्स’. घरच्या गप्पांत ‘रिझेम्बल’ वापरलं तर चूक होत नाही, पण माणूस नऊवारीवर कोट घालून आल्यासारखं वाटतं.

‘रिझेम्बल’ची बांधणी आपल्या लोकांना फसवते, म्हणून इथे थोडं थांबते. मराठीत ‘आईशी मिळतीजुळती’ म्हणताना ‘शी’ लागतो, ‘आईसारखी’ म्हणताना ‘सारखी’ जोडावं लागतं. ही सवय इंग्रजीत ‘टु’च्या रूपाने उतरते आणि ‘रिझेम्बल्स टु हर मदर’ तयार होतं. ‘रिझेम्बल’च्या पोटातच ‘च्यासारखा असणे’ आहे, पुढे शब्दयोगी काही नको: ‘शी रिझेम्बल्स हर मदर.’ पण त्याचं नाम केलं की ‘टु’ परत येतो: ‘हर रिझेम्ब्लन्स टु हर मदर.’ हे पाठच करावं लागतं, इथे युक्ती चालत नाही. दुसरं म्हणजे, हे क्रियापद स्थितीचं आहे, चालू क्रियेचं नाही. आपण ‘दिसतेय’ म्हणतो म्हणून तिथे ‘इज रिझेम्बलिंग’ येतं. चेहरा साधारण असतो तसाच असतो, म्हणून साधा वर्तमानकाळ. बदल सांगायचा असेल तेव्हा मात्र चालू काळ रास्त आहे, आणि तिथेही ‘लुक’च सहज वाटतं: ‘शी इज लुकिंग मोअर अँड मोअर लाइक हर मदर.’ म्हणजे दिवसेंदिवस आईसारखी दिसायला लागली आहे. तीस-चाळीस वर्षं संसार केलेल्या नवरा-बायकोचे चेहरे एकमेकांसारखे दिसू लागतात असं आपण म्हणतो, त्यासाठीही ‘दे हॅव कम टु लुक अलाइक’. तिथे रक्त नाही, त्यामुळे ‘टेक आफ्टर’चा प्रश्नच नाही.

‘रिझेम्ब्लन्स’ या नामाची मात्र मी खास शिफारस करते, कारण सारखेपणाचं माप त्याला जोडता येतं. ‘स्ट्रायकिंग’ म्हणजे बघताक्षणी डोळ्यांत भरणारा. ‘अनकॅनी’ म्हणजे इतका, की बघणाऱ्याला क्षणभर चमकायला व्हावं. ‘फेन्ट’ म्हणजे पुसट. ‘फॅमिली रिझेम्ब्लन्स’ म्हणजे ‘एका घरातले वाटतात’ एवढंच, नेमकं काय सारखं ते बोट ठेवून सांगता येत नाही. ‘पासिंग रिझेम्ब्लन्स’ला अनेकजण ‘उत्तम’ समजतात, पण त्याचा अर्थ आहे वरवरचा, जेमतेम. आपल्या ‘तोंडवळा जरा मिळतो’ याच्या जवळचा.

याच कुळात ‘लाइकनेस’ हा शब्द आहे. तो माणसा-माणसांतल्या साम्यासाठी चालतो, पण चित्र आणि माणूस यांच्यातल्या साम्याला तो जास्त शोभतो. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना तो चांगला माहीत असतो, कारण तिथल्या पासपोर्टच्या छापील अर्जासोबतच्या फोटोमागे काही वेळा ओळखीच्या जबाबदार व्यक्तीला ‘आय सर्टिफाय दॅट धिस इज अ ट्रू लाइकनेस ऑफ’ असं लिहून पुढे अर्जदाराचं नाव घालावं लागतं. तिथे ‘रिझेम्ब्लन्स’ लिहिलं तर अर्थच पालटेल. ‘हा फोटो या व्यक्तीसारखा दिसतो’ असा संशय त्यातून डोकावेल, आणि हवं असतं ते ‘हा फोटो हिचाच आहे’.

डोळे, नाक, हनुवटी असे वेगवेगळे अवयव जुळवताना एक बारीक चूक चांगल्या चांगल्यांकडून होते. ‘तिचे डोळे आईसारखे आहेत’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे, कारण आईसारखे म्हणजे आईच्या डोळ्यांसारखे, हे आपण धरून चालतो. ‘हर आइज आर लाइक हर मदर’ म्हटलं की इंग्रजी कानाला डोळे एका बाजूला आणि अख्खी आई दुसऱ्या बाजूला ऐकू येते. तिथे ‘हर मदर्स’ हवं, षष्ठी सोडायची नाही. त्याहून सोपं आणि गोड म्हणजे ‘शी हॅज हर मदर्स आइज’. आपण ‘डोळे आईचे घेतलेत’ म्हणतो, अगदी तेच. कुटुंबातल्या बोलण्यात मला हेच वाक्य सगळ्यांत आवडतं. त्यात तुलनाच उरत नाही, वारसा तेवढा राहतो.

‘थकल्यासारखी दिसते’ यातल्या ‘सारखी’ची आठवण वर काढली होती, ती याचसाठी. ‘शी लुक्स लाइक टायर्ड’ हे वाक्य आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ‘लुक’पुढे विशेषण आलं तर ‘लाइक’ नको: ‘शी लुक्स टायर्ड’, ‘ही लुक्स इल’. ‘लाइक’ येतो तो नामाआधी: ‘शी लुक्स लाइक हर आंट’. एवढा नियम पुरतो.

यापेक्षा मोठा खड्डा ‘लाइक’च्या प्रश्नांत आहे. मराठीत ‘मुलगी कशी आहे?’ या एका प्रश्नात तब्येत, रूप आणि स्वभाव तिन्ही विचारता येतात, आणि सुरावरून उत्तर देणाऱ्याला कळतं. इंग्रजीत तीन निरनिराळे प्रश्न आहेत. ‘हाउ इज शी?’ म्हणजे तब्येत, खुशाली. ‘व्हॉट डझ शी लुक लाइक?’ म्हणजे दिसायला. ‘व्हॉट इज शी लाइक?’ म्हणजे माणूस म्हणून, मुख्यतः स्वभावाने. आणि ‘व्हॉट डझ शी लाइक?’ म्हणजे तिला काय आवडतं. एका शब्दाने अर्थ पालटतो. माझ्या एका विद्यार्थ्याचं लग्न ठरलं होतं, तेव्हा त्याच्या परदेशी सहकाऱ्याने फार आपुलकीने विचारलं, ‘व्हॉट इज शी लाइक?’ यानं उत्तर दिलं, ‘फाइव्ह फीट फोर, स्लिम, लाँग हेअर.’ सहकारी गप्प झाला. त्याला ती बोलकी आहे की अबोल, हसरी आहे की गंभीर, हे ऐकायचं होतं, आणि मिळालं बायोडेटातलं वर्णन. तो मुलगा नंतर मला म्हणाला, ‘मॅडम, मला तिच्या स्वभावाबद्दल किती सांगायचं होतं, पण मला वाटलं तो रूपच विचारतोय.’ तेव्हापासून हे चार प्रश्न मी पहिल्याच आठवड्यात घेते.

‘अलाइक’, ‘सिमिलर’, ‘सेम’, ‘आयडेंटिकल’ यांत एक चढण आहे. ‘सिमिलर’ म्हणजे मिळतंजुळतं, फरक उरलेलाच आहे. ‘आयडेंटिकल’ म्हणजे फरक शोधूनही सापडू नये. ‘सेम’ म्हणजे तेच. दिसण्याबद्दल ‘सेम’ वापरताना सांभाळा, कारण ‘द सेम गर्ल’ म्हणजे ‘तशीच मुलगी’ असं होत नाही, ‘तीच मुलगी’ असं होतं. आपलं ‘सेम टू सेम’ भारतात सगळ्यांना कळतं आणि मलाही ते ऐकायला आवडतं, पण टोरांटोत ते कळेलच असं नाही. ‘सेम’ला आधी ‘द’ लागतो आणि नंतर ‘ॲज’, ‘लाइक’ नाही. ‘शी हॅज द सेम स्माइल ॲज यू’ असं अवयवाला किंवा लकबीला लावलं की तो शब्द चपखल बसतो. पूर्ण माणसाला ‘सेम’ लावू नका.

‘अलाइक’ची गंमत त्याच्या जागेत आहे. तो क्रियापदानंतरच येतो, नामाआधी येत नाही. ‘द सिस्टर्स लुक अलाइक’ चालतं, ‘टू अलाइक सिस्टर्स’ चालत नाही, तिथे ‘सिमिलर’ किंवा ‘सिमिलर-लुकिंग’ घ्यायचं. ‘अस्लीप’, ‘अलाइव्ह’, ‘अफ्रेड’ या सगळ्या ‘अ’वाल्यांची तीच तऱ्हा आहे. शिवाय ‘अलाइक’ला अनेकवचनी कर्ता लागतो. ‘शी इज अलाइक हर मदर’ असं होत नाही, ‘शी अँड हर मदर आर अलाइक’ असं होतं. जोर द्यायचा तर ‘व्हेरी मच अलाइक’, ‘सो अलाइक’. ‘आयडेंटिकल’ला ‘व्हेरी’ लागत नाही, कारण पूर्णाला आणखी पूर्ण कसं करणार? तिथे ‘ऑलमोस्ट’ किंवा ‘व्हर्च्युअली’. जुळ्यांच्या बाबतीत मात्र ‘आयडेंटिकल’ हा दिसण्याचा शब्दच नव्हे, तो जन्माचा शब्द आहे: एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन झालेली जुळी. दोन वेगळ्या बीजांपासून झालेल्यांना ‘फ्रॅटर्नल’, शब्दशः ‘भावाभावांची’, म्हणतात, मग त्या दोघी बहिणी का असेनात. दोन फ्रॅटर्नल बहिणी दिसायला अगदी सारख्या असू शकतात, आणि आयडेंटिकल जुळ्यांच्या बोटांचे ठसेसुद्धा तंतोतंत एक नसतात. म्हणून परदेशी डॉक्टरांच्या फॉर्मवर ‘दिसायला सारखी आहेत’ म्हणून ‘आयडेंटिकल’वर खूण करू नका. दवाखान्याच्या कागदावर जे लिहिलं असेल तेच लिहा.

‘हुबेहूब’साठी बोलीत ‘स्पिटिंग इमेज’ आहे: ‘शी इज द स्पिटिंग इमेज ऑफ हर ग्रँडमदर.’ त्यातल्या थुंकण्याला बिचकू नका. ‘बापाच्या तोंडातून पडावा तसा’ अशी जुनी कल्पना त्याच्या मुळाशी आहे, आणि एकोणिसाव्या शतकात ‘स्पिट अँड इमेज’ असं म्हणत, त्याचं हे रूप झालं. यात प्रेम आहे, घरच्यांना खुशाल वापरा. ‘डेड रिंगर’ तेवढा निरागस नाही. तो घोड्यांच्या शर्यतीतून आला. एका घोड्याच्या नावावर तसाच दिसणारा दुसरा पळवायचा, तो ‘रिंगर’. ‘डेड’ म्हणजे तंतोतंत, मेलेला नव्हे. तो अनोळखी माणसांसाठी, नटांसाठी ठीक आहे, आजीचा विषय असताना नको. ‘लुकअलाइक’ हाही बहुतेक प्रसिद्ध व्यक्तीसारखं दिसणाऱ्या परक्या माणसासाठी. आणि नुसतं दिसणं सोडून कुणी ‘मीच तो’ असा दावा करायला लागला, की इंग्रजीत शब्द बदलतो: ‘इम्पोस्टर’, राजगादीवर हक्क सांगणारा असेल तर ‘प्रिटेंडर’. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून पुढे आलेल्या आणि 1776 मध्ये पुण्यात मृत्युदंड झालेल्या माणसाला आपण तोतया म्हणतो. एका भाषांतरात त्याला ‘लुकअलाइक’ केलेलं मी वाचलं, आणि वाईट वाटलं. तो कुणासारखा दिसत होता यापेक्षा त्याने काय दावा केला, यावर त्या सगळ्या प्रकरणाचं वजन आहे.

‘कम्पेअर’बद्दल दोन शब्द. दोन गोष्टी शेजारी ठेवून साम्य आणि फरक तपासायचे असतील तर ‘विथ’, एखाद्या गोष्टीला दुसरीची उपमा द्यायची असेल तर ‘टु’. बोलण्यात हा भेद हल्ली फार पाळला जात नाही.

आता तुमचं तिसरं वाक्य, ताई. मेहुण्यांना काळजी का वाटली? आपल्या भारतीय इंग्रजीत ‘हेल्दी’ म्हणजे अंगाने भरलेली, ‘जाड’ म्हणायचं टाळण्यासाठी काढलेली पळवाट. इतरत्र ‘हेल्दी’ म्हणजे निरोगी, आणि ‘मोअर हेल्दी दॅन हर कझिन’ म्हटल्यावर कझिन निरोगी नाही असाच सरळ अर्थ निघतो. त्यांनी वाचलं ते बरोबर वाचलं. असे आणखी काही शब्द आहेत. ‘होमली’ आपल्या स्थळांच्या जाहिरातीत घरसंसार सांभाळणारी. अमेरिकेत दिसायला अगदी यथातथा, म्हणजे चक्क अपमान. ‘स्मार्ट’ आपल्याकडे देखणा, ब्रिटनमध्ये मुख्यतः टापटीप कपड्यांतला किंवा हुशार, अमेरिकेत हुशार.

बांध्याचे शब्द निवडताना तुम्ही मराठीत जे करता तेच करा, कारण ही निवड तुम्हाला उत्तम येते. सडपातळ, शिडशिडीत, किडकिडीत, हडकुळी, काटकुळी हे सगळे बारीकच, पण सडपातळ म्हटलेली मुलगी खूश होते आणि हडकुळी म्हटलेली रडते. इंग्रजीत ‘स्लिम’ आणि ‘स्लेंडर’ ही सडपातळची बाजू. ‘लीन’ म्हणजे शिडशिडीत, चरबी नाही पण ताकद आहे. ‘लँकी’ म्हणजे उंच आणि काटकुळा, हातपाय कुठे ठेवावेत ते न कळणारा वयात येणारा मुलगा. ‘स्किनी’ किडकिडीत, ‘स्क्रॉनी’ हडकुळं आणि बिचारं. ‘थिन’ एकटा असताना तटस्थ असतो, पण तुलनेत आला की काळजीकडे झुकतो. ‘यू लुक थिनर’ ऐकलेला माणूस ‘बरं नाही का तुला?’ असंच ऐकतो. दुसऱ्या बाजूला ‘चबी’ हा गुटगुटीतचा शब्द, बाळांसाठी गोड, मोठ्यांसाठी नाही. ‘प्लम्प’ गुबगुबीत. ‘स्टाउट’ उतारवयातल्या आडव्या अंगाच्या माणसासाठी. ‘वेल-बिल्ट’ म्हणजे कमावलेला, धिप्पाड. त्यात लठ्ठपणा नाही.

आणि ‘फेअर’. इंग्रजीत तो केसांचाही रंग सांगतो, सोनेरी केसांना ‘फेअर हेअर’ म्हणतात. पण माझा मुद्दा व्याकरणाचा नाही. चार वर्षांच्या मुलीचा रंग तिच्या चुलत बहिणीच्या रंगाशी लावून तो कुटुंबासमोर लिहू नये, इंग्रजीत नाही आणि मराठीतही नाही. तुम्ही प्रेमाने लिहिलंत हे मला कळतं. आपण सगळ्यांनी हे लहानपणापासून ऐकलं आहे, ‘ही उजळ, ती सावळी’. पण दुसरी मुलगीही उद्या तोच ग्रुप वाचेल. 2020 मध्ये हिंदुस्थान युनिलिव्हरने आपल्या क्रीमच्या नावातून ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं, त्याच वर्षी शादी डॉट कॉमने स्थळं शोधताना वर्णाने गाळण्याची सोय काढली. इतक्या वर्षांनी का होईना, या शब्दाने काय होतं ते बाजारालाही मान्य करावं लागलं. भाचीबद्दल तुम्हाला जे वाटलं ते ‘शी इज ग्लोइंग’, ‘शी लुक्स सो हॅपी अँड वेल’ यात पूर्ण येतं, आणि कुणाला खाली ठेवावं लागत नाही.

राहिला तो सारखेपणा जो ना पूर्ण रक्तात, ना पूर्ण चेहऱ्यात. तुम्ही चिठ्ठीच्या शेवटी जाता जाता लिहिलं आहे, की मुलगी हसताना मान जराशी कलती करते आणि तुम्हाला आई समोर बसल्यासारखी वाटते. याला ‘लुक लाइक’ अपुरं आहे आणि ‘रिझेम्बल’ परकं आहे. याला इंग्रजीत ‘रिमाइंड्स मी ऑफ’ म्हणतात. ‘रिमाइंड’चा कर्ता मुलगी आहे, पण सगळं घडतं ते तुमच्या मनात. नाक-डोळे जुळतात की नाही याचा हिशेब त्यात कुणी मागू शकत नाही, आणि दुसऱ्या कुणाला ते साम्य दिसलं नाही तरी तुमचं वाक्य खरंच राहतं. फक्त ‘ऑफ’ विसरू नका. ‘रिमाइंड मी टु’ म्हटलं की काम करायची आठवण होते.

बहिणीला आता असं लिहा. ‘शी हॅज युअर आइज. इन लुक्स शी टेक्स आफ्टर आई. व्हेन शी लाफ्स अँड टिल्ट्स हर हेड, शी रिमाइंड्स मी ऑफ हर सो मच.’ त्यातला ‘आई’ तसाच राहू द्या. मेहुणे विचारतील, आणि मग बहीण त्यांना सांगेल.